सरकारी मराठी शाळा, सहावी ते आठवी (कर्नाटकातलं बेळगाव, उद्यमबाग-मच्छे साईड) : पालकाचा रिव्ह्यू, जरा मोठा आहे

रेटिंग आधीच देऊन टाकतो, पाचात साडेतीन. एक स्टार शिक्षक कमी आहेत म्हणून कापला आणि अर्धा कन्नडसाठी, ते पुढं सांगतोच. शाळेचं नाव घालत नाही कारण खाली तक्रारी पण हाईत आणि हितं उद्यमबाग, मच्छे, पिरनवाडी साईडला सगळे एकमेकांना ओळखतात, उद्या परत एचएम (मुख्याध्यापक) सरांच्या पुढं मलाच जाऊन उभारायचं हाय. पहिली ते आठवी सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळा, एवढं बास. आपल्याकडं बऱ्याच सरकारी शाळा सातवीलाच संपतात मग आठवीला पोराला घेऊन हायस्कूल हुडकत फिरावं लागतंय, ती कटकट हितं एक वर्ष पुढं जाते. पोरगी सहावीला घातली, आता आठवीत हाय.

सरकारी शाळेत घातलं म्हटल्यावर पै-पाव्हणे दोनच गोष्टी विचारतात. तितं कसली पोरं येतात, आणि रिझल्ट कसा हाय. आणि विचारणाऱ्याला उत्तर आधीच पाठ असतंय, पोरं म्हणजे गरिबांची आणि रिझल्ट म्हणजे डब्बा. माझं म्हणणं असं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट घेतल्याशिवाय दुसरा विचारूच नये, कारण सरासरी मार्कांवरनं शाळेत कोण आलंय ते कळतंय, शाळेनं काय केलं ते कळत नाही.

तर कोण येतात. ऑफिसच्या भिंतीवर काळा बोर्ड आहे, पांढऱ्या पेंटनं चौकटी काढल्यात आणि आत खडूनं आकडे, दरवर्षी पुसून नवीन. एससी, एसटी, कॅट-वन, टू-ए, टू-बी, थ्री-ए, थ्री-बी असे कर्नाटकातले आरक्षणाचे गट, प्रत्येकात मुलं किती मुली किती. पहिल्यांदा गेलो तेव्हा सरांची वाट बघत तोच वाचत बसलेलो. त्या बोर्डवरनं तुम्हाला काय कळणार? आपल्या भागात थ्री-बी म्हणजे मराठा पण आणि लिंगायत पण, एकाच चौकटीत. ज्याची पाच एकर भातशेती हाय तो पण थ्री-बी आणि फौंड्रीत मोल्डिंगला उभारतो तो पण थ्री-बी. ऑनलाईन बघायचं असेल तर प्रत्येक शाळेला यूडायसचा 11 आकडी कोड असतोय, आपल्या राज्यातला 29 नं सुरू होतो, तो घालून वर्गवार पोरं, शिक्षक, खोल्या, टॉयलेट सगळं बघता येतंय. चांगली सोय हाय, बघाच. पण पोरगं घरात कुठली भाषा बोलतंय, आई शिकली का, वर्षातनं किती दिवस शाळेत असतंय, हे त्यात मिळत नाही आणि खरा फरक तितंच पडतोय.

मी गेटवर उभारून जे बघितलं ते सांगतो. गावातल्या जुन्या घरांची पोरं कमी झालीत, म्हणजे ज्यांच्या आज्जा-बापानं ही शाळा बांधायला जागा दिली, दगड वाहिले, त्यांचीच नातवंडं पिवळ्या व्हॅननं इंग्लिश मीडियमला जातात. दोष देत नाही, पोराचं माध्यम कुठलं ते आई-बाप ठरवणार, सरकार लादू शकत नाही असं 2014 ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय आणि ती केस पण कर्नाटक सरकारचीच होती. व्हॅन त्याच्या आधीपासनं होत्या, आता गल्लीगल्लीत झाल्यात. उरली कोण, तर खानापूर तालुक्यातल्या खेड्यांवरनं कामाला येऊन हितं खोली भाड्यानं घेतलेले, त्यांची पोरं. फौंड्रीवाले, मशीनशॉपवाले (मी पण त्यातलाच), गवंडी, सेंट्रिंगवाले, धुणी-भांडी करणाऱ्या बायकांची पोरं. थोडी मुस्लिम पोरं हाईत जी घरात उर्दू बोलतात. आणि गेल्या काही वर्षांत एक नवीनच प्रकार, यूपी-बिहारकडनं फौंड्रीत आलेल्यांची पोरं मराठी शाळेत येतात. कन्नड शाळा पण जवळच हाय पण त्या लोकांचा हिशोब सरळ, लिपी तीच हाय ना, पोराला वाचायला तरी येईल. एका पोराला बघितलं, सहावीला आलं, मराठी झकास वाचायचं फक्त ळ आला की ल म्हणून पुढं सटकायचं. सगळी पोरं हसायची. आता त्यालाच स्नेहसंमेलनात निवेदन करायला देतात.

अजून एक, वर्गात पोरी जास्त. का ते सगळ्यांना माहीत हाय, बोलत कोण नाही. एकाच घरात पोरगं इंग्लिश मीडियमला फी भरून आणि पोरगी सरकारीला फुकट. माझ्या शेजारीच असं एक घर हाय. आणि मजा म्हणजे त्या घरातली पोरगी भावाला गणित शिकवते. पोरींना शक्ती योजनेमुळं (जून 2023 पासनं) सरकारी बस फुकट हाय, पोरांना पास काढावा लागतो, त्यामुळं दोन स्टॉप लांबच्या पोरी पण येतात. सकाळच्या बसची गर्दी बघाल तर मात्र फुकटचं सुख काय असतंय ते कळेल.

आता रिझल्ट. एफए (छोट्या चाचण्या), एसए (सत्राची परीक्षा) असं असतंय वर्षभर. पाचवी-आठवीला बोर्डासारखी परीक्षा घ्यायचं सरकारनं काढलेलं, 2024 ला पेपर पण झाले आणि निकाल लावायला सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली, तेव्हा ते सोडून द्या, पोरांनी परीक्षा दिली आणि निकालच नाही असला कारभार. म्हणजे या शाळेचा रिझल्ट म्हणून एक आकडा कुणी सांगितला तर तो हवेतला. दहावीचा निकाल हायस्कूलच्या नावावर जातो, 625 पैकी किती ते तितं कळणार, तोपर्यंत पोरगं दुसऱ्याच शाळेत असतंय.

मी काय केलं ते सांगतो, तुम्हाला पण करता येईल. 'असर' म्हणून देशभर गावागावात जाऊन सर्व्हे करतात, त्यांची चाचणी एकदम साधी हाय, दुसरीच्या पातळीचा एक उतारा वाचायला द्यायचा आणि तीन आकडी संख्येला एक आकडीनं भागायला सांगायचं. 2024 च्या त्यांच्या रिपोर्टमध्ये देशातल्या खेड्यांतल्या आठवीच्या पोरांपैकी 46 टक्क्यांच्या आसपास पोरांनाच तो भागाकार आला. म्हणजे निम्म्याहून जास्त आठवीला पोचूनही अडकतात, आणि असरच्या त्या आकड्यात खाजगीवाली पण धरलेली हाईत. मग कुणी सरकारी शाळेतली पोरं ढ म्हणून नाक मुरडलं की मी भागाकार विचारतो. माझा पुतण्या नावाजलेल्या इंग्लिश मीडियममध्ये सातवीला हाय, मार्क नव्वदच्या खाली कधी नाहीत, त्याला 847 ला 6 नं भागायला दिलं तर 141 पर्यंत बरोबर आला आणि बाकी 1 उरला त्याचं काय करायचं म्हणून दशांश चिन्ह टाकून गोंधळ घालून बसला. पोरगं हुशार हाय, पण मार्कांचा आणि येण्याचा संबंध किती ढिला असतोय बघा. आणि त्या शाळेत एलकेजीला आई-बापाचा इंटरव्ह्यू घेऊन घेतात, आठवी-नववीत कच्चं पोरगं दिसलं की गोड बोलून दाखला हातात देतात. मग दहावीचा रिझल्ट शंभर टक्के लागणार नाहीतर काय. आमच्या शाळेत जून नाही, ऑगस्ट नाही, डिसेंबरला पण पोरगं आलं तर घ्यावंच लागतंय, घेतात पण.

हे वर्गात कसं दिसतंय ते गणिताच्या टीचरांच्या वहीत बघायला मिळालं. कोविडनंतर सरकारनं 2022-23 ला 'कलिका चेतरिके' म्हणून काढलेलं, पोरांचं मागं राहिलेलं भरून काढायचं. बाकीच्या ठिकाणी त्याच्या वर्कशीटा रद्दीत गेल्या असतील, आमच्या टीचरांनी त्याची सवयच लावून घेतली. साधी दोनशे पानी वही, डावीकडं पोराचं नाव, पुढं बेरीज-हातचा, वजाबाकी, पाढे, भागाकार, अपूर्णांक असे रकाने, येतंय तिथं बरोबरची खूण आणि तारीख. पालक सभेला मला म्हणाल्या, "तुमची हिला अपूर्णांकात छेद सारखा करायला येतंय पण का करायचं ते विचारलं की गप्प बसतीया, घरात भाकरीचे तुकडे करून विचारा." त्या वहीवरनं बोट फिरवलं तर एक गोष्ट डोळ्यात भरते. जी पोरं सहावीपासनं सलग बसलीत त्यांच्या ओळीत खुणा भरत गेल्यात. ज्यांच्या ओळी मोकळ्या त्यातली बरीचशी वर्षाच्या मध्ये आलेली नाहीतर दिवाळीच्या मागंपुढं महिना-महिना गैरहजर. सुगी आली की खानापूरकडं आज्जीच्या गावाला भात कापायला, मळणीला अख्खं घर जातंय, पोरं पण. परत आल्यावर टीचर त्यांना शेवटच्या तासाला वेगळं बसवतात. सहावीची आणि आठवीची पण एकाच चटईवर, भागाकार येत नाही तो गट. लाज वाटते म्हणून आठवीची पोरं आधी बसायची नाहीत म्हणे, मग टीचरांनी त्यांना सहावीवाल्यांचे पाढे घ्यायचं काम दिलं, तेव्हापासनं बसतात. ही बाई नसती तर माझं रेटिंग अडीच असतं, खरंच सांगतो.

म्हणजे वर्गाची सरासरी काढली तर ती खालीच दिसणार, कारण वर चढणारी आणि आत्ता आलेली दोन्ही एकात मिसळतात. शाळा बघायला गेला तर सरासरी विचारू नका, दोन वर्षांपूर्वी आलेल्या एका पोराची वही मागा. दाखवतात.

आता शिव्या. पहिली, शिक्षक. आरटीई (शिक्षण हक्क) कायद्यानं सहावी ते आठवीला 35 पोरांमागं एक शिक्षक पाहिजे आणि विज्ञान-गणित, समाज, भाषा याला कमीत कमी एक-एक तरी पाहिजेच. कागदावर बसतंय ते. पण भाषेचा एक शिक्षक म्हणजे मराठी, इंग्रजी, कन्नड तिन्ही एकानंच ओढायचं का? मराठी माध्यमाची जीपीटी (सहावी ते आठवीच्या पदवीधर शिक्षकाची) जागा रिकामी झाली की भरायला कोण येत नाही, मग अतिथी शिक्षक, ते पण शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाल्यावर हजर होतात आणि मार्चला रामराम. आमच्या पोरीचा इंग्रजीला दरवर्षी नवीन चेहरा. एक मुलगी आलेली, एकदम छान शिकवायची, पोरांना एकमेकांशी इंग्रजीत भांडायला लावायची, तिला दुसरीकडं चार पैसे जास्त मिळाले, गेली. तिला तरी काय म्हणायचं. वरनं कामं किती लावतात. 2025 ला दसऱ्याची सुट्टी 18 ऑक्टोबरपर्यंत लांबवली कारण सगळे शिक्षक सामाजिक-शैक्षणिक सर्व्हे करत दारोदार फिरत होते. आमच्या दारात पण एक सर आलेले, दुसऱ्या शाळेचे, मोबाईलला नेटवर्क नाही म्हणून गच्चीवर जाऊन फॉर्म भरला बिचाऱ्यांनी. कायदा म्हणतो सहावी ते आठवीला वर्षाला 220 दिवस शाळा झाली पाहिजे, शनिवार धरून, हे धरून, ते धरून बसवतात कसंतरी. खाजगीवाले तेवढ्यात धडे संपवून मोकळे.

दुसरी शिवी कन्नड, आणि हे जरा नीट वाचा कारण आपल्या लोकांत यावर सरळ बोललं की लगेच हा कुठल्या बाजूचा म्हणून बघतात. मी मराठी माध्यमातच शिकलो, पोरीला पण मराठीतच घातलंय, ठरवून. मातृभाषेतनं प्राथमिक शिक्षणाची सोय राज्यांनी करावी असं घटनेत 350-ए कलमातच लिहिलंय, कुणी उपकार करालेत असं नाही. पण सीमाप्रश्न 1956 पासनं हाय, 2004 पासनं सुप्रीम कोर्टात हाय, तो सुटेल तेव्हा सुटेल, पोरीला पुढच्या वर्षी नववीत कन्नडचा पेपर हाय. 2015 च्या कायद्यानं राज्यात कुठल्याही माध्यमाच्या शाळेत पहिलीपासनं कन्नड आहेच. मग ते नीट शिकवा की. होतंय काय, पोरं धडा खडखडीत वाचतात, कवितेला चाल पण लावतात, आणि धड्यात काय झालं विचारलं तर एकमेकांकडं बघतात. प्रश्नोत्तरं फळ्यावरनं उतरवायची, पाठ करायची, एसएला तीच येतात, मार्क पडतात. आमच्या पोरीला कन्नडला गणितापेक्षा जास्त मार्क आणि ग्रामपंचायतीतली नोटीस वाचता येत नाही. नोटिशीचं सोडा, बस बेळगावला जाणार की खानापूरला ते पाटी बघून सांगते, आणि कंडक्टरनं काय विचारलं की माझ्याकडं बघते. गंमत म्हणजे वर्गातल्या ज्या चार-दोन पोरांच्या शेजारी कन्नड बोलणारी घरं हाईत, ती खेळता खेळता फडाफडा बोलतात आणि पेपरात मागं. त्या पोरांना पुढं घालून बोलायला लावलं असतं तर बाकीची पण शिकली असती. मी सभेत बोललो, सर म्हणाले बघूया. दोन सभा झाल्या, अजून बघालेतच.

टॉयलेट : पोरींचं हाय, दार लागतंय, पाणी असतंय असं नाही. एसडीएमसीनं (पालकांची शाळा समिती) टाकी बसवली, मोटर जळाली की आठवडा जातो. सातवी-आठवीच्या पोरींच्या आयांनी यावर सरळ भांडावं, बाप लोक सभेत हा विषय काढतच नाहीत, मी काढला तर दोघं हसले.

जेवण मात्र नावं ठेवायला जागा नाही. अक्षर दासोह म्हणजे सरकारच्या दुपारच्या जेवण योजनेचं गरम जेवण, भात-सांबार जास्त करून, सकाळी दूध, आठवड्यातनं तीन दिवस त्यात रागी माल्ट, आणि 2024 च्या सप्टेंबरपासनं अंडं आठवड्याला सहा दिवस झालंय, न खाणाऱ्याला केळं. स्वयंपाकाच्या अक्का कुठलं पोरगं सकाळी उपाशी आलंय ते ओळखतात आणि त्याच्या ताटात आधी वाढतात, हे मी स्वतः बघितलंय. माझी पोरगी घरात सांबार नको म्हणते, तितं दोनदा घेते. युनिफॉर्म, बूट, पुस्तकं फुकट, पुस्तकं यंदा उशिरा आली, तोपर्यंत वरच्या वर्गाची जुनी वाटून चालवलं.

एनएमएमएस या केंद्राच्या स्कॉलरशिपबद्दल शाळेत विचाराच. आठवीत असताना परीक्षा, 90 आणि 90 प्रश्नांचे दोन पेपर, पास होऊन यादीत आलं की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये स्कॉलरशिप, सरकारी, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळेतल्या पोरांनाच, सातवीला 55 टक्के (एससी-एसटीला 50) पाहिजेत आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत. एवढी मोठी गोष्ट आणि निम्म्या आई-बापांना माहीतच नाही. आमच्या शाळेत समाजशास्त्राचे सर शनिवारी शाळा सुटल्यावर थांबवून तयारी घेतात, पैसे घेत नाहीत, कोण सांगितलं नाही त्यांना. पण ते पुढची पाच-सात पोरं बघून घेतात, वहीत मोकळ्या ओळीवाल्यांना कुणी हाक मारत नाही, तिथं थोडं वाईट वाटतं.

कुणी घालावं? घरात संध्याकाळी पोराच्या शेजारी अर्धा तास बसणारं कोणतरी असेल, आई, आज्जा, मोठी बहीण कोण पण, तर डोळे झाकून घाला, फीचे पैसे वाचतील त्यात कन्नड आणि इंग्रजीची शिकवणी लावा. दोघं पण शिफ्टला असाल, घरात कोण नसेल, तरी पण मी म्हणेन घाला, पण मग सहावीलाच घाला, आठवीला आणून टाकू नका, एका वर्षात ती टीचर पण काय जादू करणार नाही. पोराला फाडफाड इंग्रजी पाहिजे ही एकच हौस असेल तर हितं येऊन नंतर शाळेला नावं ठेवू नका.

दाखल्यासाठी : जुन्या शाळेचा दाखला, पोराचा सॅट्स नंबर (कर्नाटक सरकारच्या ऑनलाईन नोंदीतला विद्यार्थी नंबर), आधार, जात आणि उत्पन्नाचा दाखला. चंदगड किंवा महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेतनं येत असाल तर सॅट्स नंबर नसतोय, तिथल्या दाखल्यावर शिक्का-सही नीट बघून घ्या नाहीतर दोन-तीन हेलपाटे होतात. शाळा मे महिन्याच्या शेवटीच उघडते, महाराष्ट्रासारखी जूनच्या मध्याला नाही. शनिवारी सकाळची शाळा असते, सर निवांत भेटतात, त्या दिवशी जा आणि ऑफिसात बसायच्या आधी सातवीच्या वर्गावरनं एक चक्कर मारा.